आत्याचा आवाज बाबांच्या बोटांपर्यंत: व्हॉइस मेसेज ब्रेलमध्ये आणण्याबद्दल मदत हवी

सदाफुली (धागाकर्ती)

सगळ्यांना नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबला आहे, पण नीट सांगितल्याशिवाय मदत मागता येणार नाही.

आम्ही नागपूरचे, धरमपेठेत राहतो. बाबांची दृष्टी सातव्या वर्षी गेली. अंध विद्यालयात ब्रेल शिकले आणि पुढे ३१ वर्षं एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होते. समोरच्याने नुसतं "हॅलो" म्हटलं की कोण, कुठल्या विभागाचा, आज तब्येत कशी आहे, सगळं त्यांना कळायचं. घरी सकाळी आकाशवाणी नागपूर लागल्याशिवाय चहा होत नसे. साठीनंतर ऐकू कमी येऊ लागलं. आता ते ७२ वर्षांचे आहेत आणि श्रवणयंत्र लावूनही आवाज येतो पण शब्द उमगत नाही. ते स्वतः अजून छान बोलतात, फक्त कधी फार मोठ्याने, कधी पुटपुटल्यासारखं.

आम्ही त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून बोलतो. आई यात सगळ्यात पटाईत. पण आमच्या घरच्या ग्रुपवर २३ माणसं आहेत आणि निम्मी माणसं टाइप करतच नाहीत, बोलून पाठवतात. अमरावतीची आत्या तर चार-चार मिनिटं बोलते. आई ते ऐकते आणि बाबांच्या हातावर लिहिते, "आत्या बरी. गुडघे दुखतात." चार मिनिटांचे चार शब्द होतात. आईचा यात काहीच दोष नाही, पूर्ण लिहायचं तर तास जाईल. मागच्या उन्हाळ्यात एकदा बाबा म्हणाले, "तुम्ही मला बातमी सांगता. बोलणं कोणी सांगत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

दिवाळीत आम्ही भावंडांनी पैसे जमवून ऑर्बिट रीडर २० घेतला. २० खान्यांची ब्रेलची ओळ असते, प्रत्येक खान्यात ठिपके खालून वर येतात, ओळ वाचून झाली की बटण दाबायचं, पुढची ओळ उठते. मी आत्याचा मेसेज आवाजाचं अक्षर करणाऱ्या एका फुकट सोयीत घालते, मजकूर लॅपटॉपवर घेते, ब्रेलमध्ये करून मेमरी कार्डावर टाकते. बाबा ते कार्ड लावून वाचतात. पहिल्या दिवशी तीन मिनिटांच्या मेसेजला अर्धा तास लागला. वाचून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून लाव."

आता अडचणी. पहिली फार गंभीर. आत्या म्हणाली होती, "रात्रीची गोळी घेऊ नको, उद्या डॉक्टरले विचार." मजकुरात आलं, "रात्रीची गोळी घेऊन उद्या डॉक्टरला विचार." 'नको' मधला 'न' मागच्या शब्दाला चिकटला आणि 'को' गळून गेला. मी घाईत होते, तपासलं नाही. बाबांनी गोळी घेतली. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण ऐकू शकतो, त्यामुळे मजकुरात चूक वाटली तर परत ऐकून बघतो. बाबांकडे दुसरा मार्गच नाही. बोटाखाली जे येईल तेच खरं.

दुसरी अडचण वेगळीच आहे आणि मला जास्त लागते. आत्या वऱ्हाडी बोलते. तिने म्हटलेलं मी कानाने ऐकून लिहिते: "भाऊ, तू फोन काऊन नाही करत? मी रोज वाट पाहून राह्यली. माह्ये गुडघे लय दुखून राह्यले, पण तुह्या भाच्यानं तेल आणून देल्लं." यंत्राने दिलं: "भाऊ, तू फोन का नाही करत? मी रोज वाट पाहून राहिले. माझे गुडघे खूप दुखून राहिले, पण तुझ्या भाच्याने तेल आणून दिलं." अर्थ बराचसा तोच. बाबांनी वाचलं आणि विचारलं, "हे कोण बोललं?" मी हातावर लिहिलं, "आत्या." ते म्हणाले, "ताई असं बोलत नाही."

ज्या माणसाने आयुष्यभर आवाजावरून माणूस ओळखला त्याच्याकडे आता आवाजातलं एवढंच उरलंय, कोण कसं बोलतं ते. आणि यंत्र तेच पुसून टाकतं. यावर कोणाकडे काही उपाय आहे का? अशा घरातलं कोणी इथे असेल तर नक्की लिहा.

नजर_बोटांत

ताई, मी जन्मतः पूर्ण अंध, ऐकू येतं. माहेर नागपूर, आता पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. रोज ब्रेलची ओळ वापरते म्हणून काही गोष्टी लगेच सांगावाशा वाटतात.

तुम्ही आधी मेसेज घेऊन मग वाचायला देता हे फार बरोबर करताय. बोलणं चालू असताना लगेच अक्षरं दाखवणाऱ्या सोयी कर्णबधिरांना उपयोगी आहेत. गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब २०१९ मध्ये आलं तेव्हा माझ्या एका कर्णबधिर सहकाऱ्याला त्याचा खूप फायदा झाला. पण असं थेट लिहिणारं यंत्र आधी अंदाजाने शब्द लिहितं आणि पुढचा शब्द ऐकला की मागचा बदलतं. डोळ्यांना ते चालतं. बोटाखालचे ठिपके मात्र वाचता वाचता बदलतात, ओळ उडी मारते आणि माणूस हरवतो. समोरासमोर कधी वापरायचं झालं तर वाक्य पक्कं झाल्यावरच ओळीवर येईल अशी सोय शोधा.

दुसरं, २० खाने म्हणजे किती हे डोळसांच्या लक्षात येत नाही. आपल्या भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळ्यांना स्वतंत्र खाना लागतो आणि हलन्ताचं चिन्ह जोडल्या जाणाऱ्या अक्षराच्या आधी येतं. 'विद्यार्थ्यांना' हा एकच शब्द मोजून १५ खाने घेतो! त्यामुळे विरामचिन्हांशिवायचा मजकूर बाबांना देऊ नका. पूर्णविराम नसेल तर वाक्य कुठे संपलं ते कळायला तीन ओळी मागे जावं लागतं. बोलणाऱ्याचं नाव प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला, आणि लहान: 'आत्या:' पुरे.

शंका असलेल्या शब्दाला खूण करा, पण ती शब्दाच्या आधी हवी. तुम्ही एका नजरेत शब्द आणि पुढची खूण दोन्ही बघता. आम्ही एकामागून एक अक्षर वाचतो, खूण नंतर आली तर तोवर चुकीचा शब्द डोक्यात जाऊन बसलेला असतो. मी दोन प्रश्नचिन्हं आणि मग शब्द, अशी पद्धत ठेवली आहे.

आकडे शक्यतो अक्षरात लिहा. भारती ब्रेलमध्ये अंकाची खूण आणि 'ण' यांचे ठिपके एकच आहेत. सरावाने कळतं, पण औषधाच्या वेळेत अडखळायला नको.

आजोबांचा_नातू

वाचून वाईट वाटलं. पण एक साधा विचार मनात येतो. नातेवाइकांनीच टाइप केलं तर? एवढं यंत्र, कार्ड, लॅपटॉप लागणार नाही. आत्यांच्या घरी भाचा आहे, तो लिहून पाठवू शकेल.

सदाफुली

@आजोबांचा_नातू, तुमचा प्रश्न रास्त आहे, आम्हीही तेच आधी केलं. आत्या चौथीपर्यंत शिकली, फोनवर टाइप करणं तिला जमत नाही. भाचा लिहितो तेव्हा आईसारखंच होतं, "आई बरी आहे, काळजी करू नका." तिने पाऊस, शेजारणीची म्हैस, संत्र्याचा भाव असं जे काही चार मिनिटं सांगितलेलं असतं ते सगळं जातं. बाबांना तेच हवंय.

@नजर_बोटांत, खूण आधी हवी हे मला कधीच सुचलं नसतं. आजपासूनच करते. 'ण' चं बाबांना विचारलं तर म्हणाले, "हो ना, मग आधी का नाही विचारलं?"

विशेष_शिक्षिका

मी २२ वर्षं विशेष शाळेत शिकवलं, त्यातली काही वर्षं बधिरांध मुलांसोबत. धाग्याचं शीर्षक बघून आले आणि तुमच्या बाबांचं वाक्य वाचून थांबले.

एक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते, कारण इतर वाचक येतील आणि वाटेल की सगळ्या बधिरांध व्यक्तींना हे चालेल. तुमचे बाबा बोलायला, वाचायला शिकल्यावर बहिरे झाले. भाषा आणि ब्रेल दोन्ही हाताशी आहे, म्हणून बोलण्याचं अक्षर केलं की काम होतं. आईला गर्भारपणात रुबेला (जर्मन गोवर) होऊन जन्मतःच बधिरांध असलेलं मूल असेल तर त्याच्याकडे मुळात बोललेली भाषाच पोहोचलेली नसते. त्या मुलांशी आम्ही हातात वस्तू देऊन बोलतो: चमचा म्हणजे जेवण, टॉवेल म्हणजे अंघोळ. मग हातावर हात ठेवून खुणा. अशर सिंड्रोममध्ये आणखी वेगळं: आधी ऐकू कमी, नंतर हळूहळू नजर जाते. अशी माणसं खुणांच्या भाषेत वाढलेली असली तर मराठी ब्रेल त्यांना परकी वाटू शकते. त्यांना ब्रेल शिकवायचा तर नजर आहे तोवर शिकवायला हवा, आणि घरचे नेमके तेव्हाच टाळतात. हे मी खूप घरांत पाहिलं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि बधिरांधत्वाचा उल्लेख बहुविकलांगतेखाली स्पष्ट आहे. जागतिक बधिरांध महासंघाच्या २०१८ च्या अहवालात तीव्र बधिरांधत्वाचं प्रमाण लोकसंख्येच्या ०.२ टक्के धरलं आहे. म्हणजे हजारात दोन. नागपूरसारख्या शहरात ही संख्या लहान नाही, पण ही माणसं दिसत नाहीत कारण ती घरातच असतात. मुंबईला हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ पासून आहे, अहमदाबादला सेन्स इंटरनॅशनल इंडिया १९९७ पासून. पालकांनी या दोन्हींशी बोलावं.

आणि ताई, हातावर लिहिणं सोडू नका. यंत्र आल्यावर घरचे हळूहळू स्पर्श कमी करतात. ब्रेलच्या ओळीत आत्या येते, पण आईचा हात त्यातून येत नाही.

कोड_प्रतापनगर

मी आवाज ओळखण्याच्या प्रणालींवरच काम करतो, म्हणून कारण सांगतो, मग उपाय.

ही मॉडेल्स प्रचंड ऐकून शिकतात. ओपनएआयचं व्हिस्पर हे आवाजाचं अक्षर करणारं मॉडेल सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं झालं तेव्हा ते ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं होतं, पण त्यात इंग्रजीचा वाटा बहुतांश. मराठी थोडी, आणि जी असते ती पुस्तकी, बातम्यांची. वऱ्हाडी जवळजवळ नाहीच. मॉडेल नुसता आवाज ऐकत नाही, पुढचा शब्द काय असावा याचाही हिशोब करतं. त्याने 'माझे' लाखो वेळा पाहिलंय, 'माह्ये' पाहिलेलं नाही. म्हणून कानावर 'माह्ये' पडलं तरी हात 'माझे' लिहितो. 'घेऊ नको' चं 'घेऊन' होतं त्यामागेही हेच कारण.

यातली धोक्याची गोष्ट: मॉडेल प्रत्येक शब्दामागे आपल्याला किती खात्री आहे याचा आकडा देऊ शकतं, आणि कमी खात्रीच्या शब्दांना @नजर_बोटांत ताईंनी सांगितलेली खूण आपोआप लावणं सोपं आहे. पण 'घेऊन' सारखा रोजचा शब्द ते चुकूनही मोठ्या खात्रीने लिहितं. म्हणून यंत्राच्या खात्रीवर विसंबू नका. नको, नाही, नये, नकोस हे शब्द आणि औषध, वेळ, पैसे यांची वाक्यं माणसाने कानाने ऐकूनच पुढे द्यायची. हा नियम घरात भिंतीवर लावा.

बोलीसाठी: व्हिस्परसारख्या मॉडेलला सुरुवातीला नमुन्याचा थोडा मजकूर देता येतो, तो वाचून ते त्या वळणाने लिहायला बघतं. आत्यांचीच आठ-दहा वाक्यं, तुम्ही वर लिहिलीत तशी, तिथे द्या. सगळं सुधारणार नाही, पण 'लय', 'काऊन', 'माह्ये' टिकायची शक्यता वाढते. ते स्वतःच्या लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय चालतं, त्यामुळे घरच्या आजारपणाच्या गोष्टी बाहेरच्या सर्व्हरवर जात नाहीत. भारतीय भाषांवर वेगळं काम आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाने केलंय, त्यांची मॉडेल्सही खुली आहेत. दोन्ही लावून बघा, आणि जिथे दोघांचं लिहिणं वेगळं येईल तिथे खूण करा. ही युक्ती एका आकड्यापेक्षा जास्त भरवशाची आहे.

आणि कूलर! नागपुरात मे महिन्यात कूलरसमोर बसून बोललेला मेसेज कोणतंच मॉडेल नीट लिहिणार नाही. आत्यांना सांगा, बोलताना दोन मिनिटं कूलर बंद, किंवा फोन तोंडाजवळ. मेसेजमध्ये लांब शांतता असेल तर तो भाग आधी कापा. अशी मॉडेल्स शांततेतही काहीतरी लिहून मोकळी होतात, कोणीच न बोललेली वाक्यं येतात.

यवतमाळी

ताई, आत्याचं बोलणं वाचलं आन् माही आजी आठवली. तुमचे बाबा बरोबर बोलले. आमच्याकडे 'येऊन राह्यलो' म्हणजे मी येतो आहे, वाटेत आहे. यंत्र त्याचं 'येऊन राहिलो' करते. पुण्याचा माणूस वाचून म्हणेल, हा मुक्कामाला आला.

माझ्याकडून होईल ते करतो. बोलीतले शब्द आणि त्यांचं यंत्र काय करते याची जोडी लिहून देतो, म्हणजे मागाहून शोधून बदलता येईल. 'मले', 'तुले', 'कायले', 'पोट्टं', 'देल्लं', 'हाव'. पण एक सांगतो, आंधळेपणाने सगळीकडे बदलू नका. आत्या पोराशी बोलताना वेगळी बोलते आन् डॉक्टरविषयी सांगताना थोडी शुद्ध बोलते. तेही तसंच राहू द्या.

दुसरं, मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर, म्हणजे यंत्रांना शिकवायला आवाज गोळा करणाऱ्या खुल्या प्रकल्पावर, मराठीत आवाज देता येतो, कोणीही वाक्यं वाचून देऊ शकते. तिथली वाक्यं प्रमाण मराठीतली असली तरी वाचणारा गळा आपल्याकडचा असला तर फरक पडेल ना, @कोड_प्रतापनगर?

कोड_प्रतापनगर

@यवतमाळी, नक्की पडेल. उच्चार, सूर, 'ळ' आणि 'ण' म्हणायची पद्धत, सगळं त्यातून मॉडेलला मिळतं. शब्दांसाठी मात्र बोलीतलं लिहिलेलं साहित्यच लागेल, तुमची यादी तिथे उपयोगी.

आजोबांचा_नातू

माझा आधीचा प्रश्न मागे घेतो. आमच्या आजोबांच्या शेवटच्या दोन वर्षांत आम्ही त्यांना फक्त बातम्या सांगितल्या, हे आता कळतंय. ताई, मेसेज तपासायला, आधी ऐकून दुरुस्त करायला कोणी हवं असेल तर मी नागपुरातच, महाल भागात राहतो, रविवारी वेळ असतो.

सदाफुली (सुमारे दोन महिन्यांनी)

इतके दिवस लिहिलं नाही, माफ करा. बाबांना मध्ये ताप होता. आता बरे आहेत.

आम्ही आता असं करतो. मॉडेल लॅपटॉपवर आहे, त्याला आत्याची दहा वाक्यं नमुना म्हणून दिली आहेत. ते कच्चा मजकूर देतं. माझी १४ वर्षांची मुलगी मेसेज ऐकत ऐकत तो वाचते आणि दुरुस्त करते. चार मिनिटांच्या मेसेजला तिला दहा मिनिटं लागतात. नको, नाही असलेली वाक्यं मी दुसऱ्यांदा ऐकते, चुकवत नाही. कळलंच नाही तर दोन प्रश्नचिन्हं. कधी ती एखाद्या वाक्याआधी 'हसत' असं लिहिते. हे तिचं तिलाच सुचलं. बाबांनी पहिल्यांदा 'हसत' वाचलं तेव्हा तेही हसले, पुढचं वाक्य वाचायच्या आधीच.

नमुन्यामुळे 'लय' आणि 'काऊन' बऱ्याचदा येतात. 'राह्यली' चं अजून 'राहिली' होतं, ते मुलगी हाताने बदलते. तिला आता माझ्यापेक्षा जास्त वऱ्हाडी येते.

एक गोष्ट जमली नाही. बाबांकडे १९८७ ची एक कॅसेट आहे, त्यात आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते आणि मध्ये मध्ये बोलते. बोलण्याचा भाग कसाबसा लिहिला गेला. गाण्याचा एकही शब्द धड आला नाही, जात्याच्या घरघरीत सगळं गेलं. शेवटी आत्या अमरावतीहून आली, चार दिवस राहिली. तिने कॅसेट ऐकून एकेक ओवी म्हटली, आईने वहीत लिहिली, मुलीने टाइप केली. तेरा ओव्या झाल्या. आता त्या बाबांच्या कार्डावर आहेत आणि रोज सकाळी चहाच्या वेळी ते पहिली ओवी वाचतात. आकाशवाणीच्या जागी.

@विशेष_शिक्षिका, तुमचं वाक्य आईला वाचून दाखवलं. ती दुपारी बाबांच्या शेजारी बसते आणि हातावर लिहिते, आता बातमी नाही, काहीही. काल तिने लिहिलेलं मी विचारलं तर सांगितलं नाही.

आत्या परत गेल्यावर तिचा पहिला मेसेज आला. बाबांनी वाचायला घेतला. पहिल्या ओळीवर बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. मी घाबरले, काही चुकलं की काय. मग ते मोठ्याने, फार मोठ्याने म्हणाले, "काऊन! ताई आहे."

@यवतमाळी दादा, यादी अजून हवी आहे. मुलगी विचारतेय, 'हाव' आणि 'हो' दोन्ही ऐकू आले तर कुठलं लिहायचं?

यवतमाळी

तिला सांगा, आत्या असेल तर 'हाव'. यादी आज रात्री टाकतो, १४० शब्द झाले आहेत.